दसऱ्याचा प्रवास आणि आमची घरे

सहावीत असताना दिवाळीची सुट्टी संपल्यावर गुरुजींनी निबंध घातला होता : 'सुट्टीत केलेली सहल'. मी नागपूरविषयी लिहिले. दसऱ्याला आम्ही घरची सगळी माणसे नागपूरला गेलो होतो. आगगाडीत बसलो होतो, मैदानात झोपलो होतो, तलाव पाहिला होता. गुरुजींनी वही परत देताना म्हटले, "दसरा दिवाळीच्या सुट्टीत येत नाही. आणि ही सहल नव्हे, ही जत्रा झाली. दुसरं लिही." गुरुजी वाईट नव्हते. माझ्या फाटक्या वहीला त्यांनीच पुठ्ठा लावून दिला होता. पण सहल म्हणजे काय, याचे एक चित्र त्यांच्या मनात पक्के होते आणि त्या चित्रात आम्ही बसत नव्हतो. मी दुसरे लिहिले. मामाचे गाव, गावाजवळचा किल्ला, आंब्याखाली सोडलेला डबा. माझ्या मामाच्या गावाजवळ किल्ला नाही, आणि मामा तेव्हा भिवंडीत यंत्रमागावर होता. त्या निबंधाला दहापैकी आठ गुण मिळाले.

आज मी एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. तो निबंध मात्र अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. दलितांच्या इतिहासात आपण परिषदा मोजल्या, ठराव मोजले, सत्याग्रह मोजले; ते मोजायलाच हवे होते. पण आमच्या घरांनी पोटाचे कारण नसताना, कोणाचे ओझे डोक्यावर नसताना, बायकामुलांसह, स्वतःच्या मर्जीने केलेला पहिला प्रवास कोणता, हा प्रश्न आपण फारसा विचारलेला नाही. माझ्या घरापुरते याचे उत्तर मला ठाऊक आहे. तो १९५६ च्या दसऱ्याचा प्रवास होता.

शरद ऋतूचे मराठी वाङ्मयातले कौतुक सर्वांना परिचित आहे. स्वच्छ आकाश, टिपूर चांदणे, कोजागरीचे आटीव दूध, नंतर दिवाळीचा फराळ आणि फराळाच्या ताटाशेजारी दिवाळी अंक. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून पांढरपेशा मराठी कुटुंबाच्या शरदाचे एक अखंड दफ्तरच तयार होत गेले आहे. कोण काय नेसत होते, काय खात होते, सुट्टीत कोठे जात होते, हे त्या अंकांतील गोष्टींवरून आणि जाहिरातींवरून सांगता येते. आमच्या घरांचे असे दफ्तर नाही. म्हणून म्हातारीकोतारी माणसे आहेत तोवर त्यांना विचारावे लागते.

आमचे गाव हिंगोली तालुक्यात, पैनगंगेपासून फार लांब नाही. आजी सांगे, दसरा-दिवाळी आली की महारवाड्याला पाय टेकायला सवड नसे. येसकराची पाळी ज्या घरावर असेल त्या घरातला गडी रात्रंदिवस पाटलाच्या दारात. सणाला सरपण फोडून द्यायचे, पाहुण्यांना सांगावे पोचवायचे, आलेल्या कामदाराचे सामान पुढच्या गावच्या शिवेपर्यंत वाहायचे, मेलेले ढोर ओढायचे. पुष्कळ गावांत दसऱ्याला रेडा मारण्याची चाल होती आणि तो रेडा धरण्या-फिरवण्यापासून पुढचे सगळे काम महारांकडेच असे. सणाच्या संध्याकाळी बायका टोपली घेऊन दारोदार फिरत. पुरणपोळीचे तुकडे, भात, कढी, सारे एकाच टोपलीत. उरलेले तुकडे वाळवून ठेवायचे आणि पुढे अडीअडचणीला भिजवून खायचे. मेलेल्या ढोराचे मांस व शिळे तुकडे सोडा, असे बाबासाहेबांनी मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत सांगितले. निजामाच्या मुलखातल्या आमच्या गावी ते पोचायला किती वर्षे लागली, हे आजीला सांगता येत नसे. "तुझा आज्जा म्हनला, आजपसून टोपली घ्यायची न्हाई. म्या टोपली चुलीत घातली," एवढेच ती सांगे.

म्हणजे प्रवास आमच्या वाडवडिलांना नवा नव्हता. उलट गावात सर्वांत जास्त चालणारी माणसे तीच. पण ते चालणे दुसऱ्याचे होते. गावकरी सोने लुटायला शीव ओलांडीत तेव्हा त्याला सीमोल्लंघन म्हणत. महार कागद घेऊन बारा महिने शीव ओलांडीत असे, त्याला काही नाव नव्हते.

आणि स्वतःसाठी निघालेच तर? याची साक्ष प्रत्यक्ष बाबासाहेबांनी लिहून ठेवली आहे. त्यांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटे लेखन महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेतील बाराव्या खंडात आहे. विद्यार्थ्यांनी ते अवश्य वाचावे. १९०१ च्या सुमारास सुट्टीत वडिलांकडे गोरेगावला निघालेली ही मुले : नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे. मसूर स्टेशनवर उतरेपर्यंत ती सहलच होती. 'आम्ही महार' हे शब्द तोंडातून गेले आणि स्टेशनमास्तरचा चेहरा पालटला. मग दुप्पट भाडे घेणारा पण स्वतः गाडी न हाकणारा गाडीवान, आणि जवळ अन्न असूनही पाणी न मिळाल्यामुळे उपाशी काढलेली रात्र. दुसरा प्रसंग १९३४ चा. चळवळीतल्या सहकाऱ्यांना स्थलदर्शनाची हौस वाटली, म्हणून मंडळी वेरूळची लेणी पाहायला निघाली. वाटेत दौलताबादचा किल्ला. किल्ल्यापाशी हौद भरलेला होता. धुळीने माखलेल्या काहींनी त्यात हातपाय धुतले. लगेच ओरडा झाला की हौद बाटला. शेवटी किल्ला पाहू दिला तो पाण्याला कोठेही हात लावायचा नाही या अटीवर, आणि सोबत हत्यारी शिपाई देऊन. एक गोष्ट ध्यानात घ्यावी : हे दोन्ही प्रसंग सहलीचे आहेत. माणूस कामावर असतो तेव्हा जात त्याच्या ओझ्यावरून ओळखली जाते आणि व्यवस्था त्याला वाट देते. तो नवे कपडे घालून मोकळ्या हातांनी निघाला की व्यवस्था दचकते. म्हणून सहल ही क्षुल्लक बाब नाही.

१४ ऑक्टोबर १९५६. त्या वर्षी विजयादशमी त्या दिवशी आली होती. नागपूरच्या व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या मैदानावर बाबासाहेबांनी व माईसाहेबांनी भदंत चंद्रमणी महास्थविरांकडून दीक्षा घेतली आणि मग स्वतः लाखोंना बावीस प्रतिज्ञा दिल्या. हे सर्वांना पाठ आहे. मला त्याच्या आदल्या चार दिवसांत रस आहे. आजी तेव्हा विशीची असेल, कडेवर माझे मोठे चुलते. पांढरी वस्त्रे नेसून या, असा निरोप गावोगाव फिरला होता. सवाष्ण बाईने पांढरे नेसायचे म्हणजे केवढा अपशकुन! आजीच्या सासूने कपाळ बडवून घेतले, "दादला जिता हाय अन् पांढरं नेसतीस?" आजोबांनी दुकानातून पांढरे लुगडे उधारीवर आणले. ते फेडायला, आजीच्या हिशेबाने, संक्रांत उजाडली.

वाशीमपर्यंत पायी, पुढे मोटारीने अकोला, अकोल्याहून रेल्वे. शाळेत मी हे नकाशावर शिकवतो तेव्हा मुलांना नवल वाटते : ही माणसे हैदराबाद राज्यातून निघाली आणि मध्य प्रदेशाच्या राजधानीत पोचली. कारण राज्यपुनर्रचना अमलात आली ती १ नोव्हेंबर १९५६ रोजी. मराठवाडा आणि विदर्भ तेव्हा दोन राज्यांत होते आणि मध्ये पैनगंगा होती. आजीला राज्य कळत नव्हते. तिला एवढे आठवे की नदी ओलांडताना पाणी मांडीइतके होते आणि तिने लुगडे भिजू नये म्हणून गाठोड्यात डोक्यावर घेतले होते. बाबासाहेब तिला दिसले ते "बोटाएवढे". काय बोलले ते फार ऐकू आले नाही. इतरांनी हात जोडून जे म्हटले ते तिने म्हटले. मी एकदा विचारले, सर्वांत जास्त काय आठवते? मला वाटले, प्रतिज्ञा म्हणेल. ती म्हणाली, "तिथं पानी कुनी वरून वतलं न्हाई. नळाला समद्यांनी हात लावला." पुढे दोन महिन्यांच्या आतच, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. ते लुगडे तिने नंतर फक्त दसऱ्याला नेसले, ते फाटून जाईपर्यंत.

धर्मांतराने घरातला शरद ऋतू रिकामा केला, हे आपण सहसा बोलत नाही. घट गेले, लक्ष्मीपूजन गेले, पाडव्याचे ओवाळणे गेले. प्रतिज्ञा घेणाऱ्या पिढीला या रिकामेपणाचा अभिमान होता. त्यांनी टोपली जाळली होती. पण लेकरांना अभिमान कळत नाही, शेजारच्या आळीतून येणारा तळणीचा वास कळतो. माझ्या लहानपणी दर दिवाळीला आमच्या घरात भांडण ठरलेले. माय गुपचूप चार करंज्या तळायची, आत्या ओरडायची, "अप्पा, तुझ्या घरात दिवाळी चाललीय!" बाबा दोघींच्या मध्ये गप्प बसायचे. करंजी खाल्ल्याने धम्म बुडत नाही असे मला आज वाटते. पण आत्याला हसण्याचा अधिकार मला नाही, कारण तिने ती टोपली डोक्यावर पाहिली होती. हळूहळू रिकामी जागा भरत गेली. आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन. वाचणारा सातवी-आठवीतला पोरगा, ऐकणाऱ्या सगळ्या निरक्षर बाया. अश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला की खीर. गावात त्याच रात्री कोजागरी असे. दोन्हीकडे दूधच आटत होते. आणि या सगळ्यांच्या आधी, वर्षाचा मोठा दिवस म्हणून, नागपूर.

१९९६ सालची खेप मला सर्वांत स्पष्ट आठवते. आमच्याकडे तोवर सोयाबीन आले होते, आणि सोयाबीन कापणीला येते ते नेमके दसऱ्याच्या सुमारास. बायकांच्या टोळ्या गुत्ते घेतात. जास्त हात, जास्त पैसा. वर्षातली बरी मजुरी याच पंधरा-वीस दिवसांत. तेव्हा तीन दिवस नागपूरला जायचे म्हणजे नुसते गाडीभाडे नव्हे, तीन दिवसांचे गुत्ते बुडणे आणि टोळीतली जागा जाण्याची भीती. मायने यावर काढलेला तोड मी विसरणार नाही. सप्तमी-अष्टमीच्या रात्री जेवणे झाल्यावर ती आणि दोघी जावा शेतात गेल्या आणि चंद्र मावळेपर्यंत आपल्या वाट्याचे सोयाबीन कापत बसल्या. शरदाच्या चांदण्यावर मी पुढे बरेच वाचले, परीक्षेत रसग्रहणही केले. त्या चांदण्याचा असा उपयोग कोठे वाचल्याचे आठवत नाही.

नवमीच्या सकाळी तिने धपाटे थापले, जवसाची चटणी केली, भाकरी फडक्यात बांधल्या. बोटे सोयाबीनच्या शेंगांनी सोललेली, पिठात घातली की चुरचुरायची. बाबा हिंगोलीच्या मोंढ्यात हमाल. त्यांनी आडतीवरून उचल आणली. मीटरगेजची गाडी रात्रीची होती. अकोल्यापर्यंत आम्ही तिकिटे काढली होती. त्यापुढे काढली होती की नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. नागपूरला जाणाऱ्या गर्दीच्या विनातिकीटपणाची चर्चा दर वर्षी होते. मी ती वाचतो आणि माझ्या मायच्या बोटांचा हिशेब कोणत्या खिडकीवर द्यायचा, असा विचार मनात येतो. असो. अकोल्याला डब्यात शिरणे हे एक युद्धच होते. मला खिडकीतून आत टाकले. मूर्तिजापूर, बडनेरा, वर्धा. प्रत्येक स्टेशनवर निळे झेंडे आणि आणखी माणसे.

दीक्षाभूमीवरचा स्तूप तेव्हा पुरा झालेला नव्हता. बांधकाम १९७८ मध्ये सुरू झाले होते आणि उद्घाटन पुढे १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते झाले. आम्ही उघड्यावर सतरंजी टाकली. नागपूरच्या वस्त्यांतली माणसे भाजी-पुरी वाटत होती. 'कोणते गाव' विचारत होती, 'कोण' विचारत नव्हती. बाबांना वाचता येत नव्हते. तरी दर वर्षी ते एक पुस्तक घेत. मुखपृष्ठ पाहत, हातात तोलत, किंमत विचारत, परत ठेवत, पुढच्या दुकानावर जात. त्या वर्षी त्यांनी बाबासाहेबांचे मुलांसाठीचे एक पातळ चरित्र घेतले, आणि परतीच्या गाडीत मला ते मोठ्याने वाचायला लावले. डब्यातल्या अनोळखी बायाही सरकून ऐकू लागल्या. पुढे बी.ए.ला असताना बारावा खंड मी तिथल्याच एका दुकानातून घेतला.

कार्यकर्ते सांगतात, ही ज्ञानाची यात्रा आहे, करमणुकीची नव्हे. ते खरे आहे आणि पुरते खरे नाही. मायने तिथे बांगड्या भरल्या. बर्फाचा लाल गोळा खाल्ला आणि जीभ काढून आम्हाला दाखवली. दुपारी बाबा आम्हाला अंबाझरी तलावावर घेऊन गेले. माय काठावर बसली, पाय पाण्यात सोडले, तोंड धुतले, आणि बराच वेळ काही न बोलता बसून राहिली. तिला काम नसलेले मी त्याआधी पाहिले नव्हते. मी सहावीच्या निबंधात हेच लिहिले होते. आमच्या चळवळीतल्या माणसांना आनंद झाला असे सांगायला संकोच का वाटतो, कोण जाणे. दुःखच लिहायचे, असा नियम आपणच आपल्यावर घालून घेतला की काय?

दहा वर्षांनी, २००६ मध्ये, धम्मचक्रप्रवर्तनाला पन्नास वर्षे झाली. दसरा २ ऑक्टोबरला होता. मी एकोणीस वर्षांचा, मित्रांबरोबर गेलो. एवढी गर्दी मी कधी पाहिली नव्हती. आम्ही गाणी ऐकली, पुस्तके घेतली, तलावावर गेलो, हसलो. तीनच दिवस आधी, २९ सप्टेंबरला, शेजारच्या भंडारा जिल्ह्यात खैरलांजीला भोतमांगे कुटुंबातली चार माणसे मारली गेली होती : सुरेखा, प्रियंका, रोशन, सुधीर. संध्याकाळची वेळ, घरातले घरात. स्वतःची शेती कसणारे, मुलांना शिकवणारे घर. मैदानावरच्या लाखोंतल्या आम्हा कित्येकांना याचा पत्ता नव्हता. वर्तमानपत्रांनी ते नीट छापायला महिना गेला. नोव्हेंबरात लोक रस्त्यावर आले तेव्हा आम्हाला सगळे कळले. त्या तलावकाठच्या हसण्याची मला पुढे कित्येक दिवस लाज वाटत होती. आता वाटत नाही. पण दसऱ्याच्या गर्दीत कडेवर मूल घेतलेली बाई दिसली की भैयालाल भोतमांगे आठवतात. त्या घरातले तेवढे एकटे उरले आणि २०१७ साली तेही गेले.

मी नोकरीला आहे तो बीड जिल्हा. इथे शरद ऋतू हजेरीपटावर दिसतो. दसरा झाला की बाके रिकामी होऊ लागतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मागे म्हातारी माणसे राहतात, आणि जी मुले हंगामी वसतिगृहात वा नातलगांकडे ठेवता येत नाहीत ती ट्रॅक्टरवर बसून बरोबर जातात. घरच्या घर प्रवासाला निघते, भांडीकुंडी, कोंबड्या, तान्ही पोरे घेऊन. बाहेरून पाहणाऱ्याला सहकुटुंब सहलच वाटावी. आजोबांच्या डोक्यावरचे ओझे आणि हे, यांत काय बदलले आणि काय नाही, हे मला अजून नीट मांडता आलेले नाही. वतन कायद्याने गेले, उचल कायद्यात बसत नाही, एवढे दिसते.

गेल्या वर्षी मी दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एक काम दिले. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा : दसरा ते दिवाळी या वीस दिवसांत तुमची माणसे कोठे जात, कशाने जात, बरोबर काय नेत, परत येताना काय आणीत? सुरुवातीला पोरे हसली, हा काय इतिहास आहे का, असे एकाने विचारलेही. मग वह्या येऊ लागल्या. कोणाची आजी पायी तुळजापूरला जायची. तिथे तिला कोठे उभे केले जायचे, हे तिने नातवाला पहिल्यांदाच सांगितले होते. कोणाचे आजोबा १९५६ ला नागपूरला निघाले, पण गाडीत जागा मिळाली नाही म्हणून स्टेशनवरूनच परतले, आणि ही गोष्ट त्यांनी आयुष्यभर लपवून ठेवली होती. एका मातंग कुटुंबातल्या मुलीने तर तक्ताच आखला. डाव्या बाजूला वर्ष, उजवीकडे कारखाना, त्यापुढे 'कोण जन्मले' आणि 'कोण वारले'. तिचा स्वतःचा जन्म तिसऱ्या ओळीत आहे.

तक्ता अर्धाच आहे. दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी तिने वही माझ्याकडे दिली आणि ती घरच्यांबरोबर गेली. शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिले आहे : सर, आईच्या लग्नाआधीच्या वर्षांची माहिती मावशीला विचारायची राहिली आहे, मावशी यंदा आमच्याच टोळीत आहे, तिला विचारून ठेवते आणि एप्रिलमध्ये आल्यावर भरते.